घाबऱ्या जिवाची शुश्रूषा

आरोग्यविषयक व्याख्यानांत हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांचा परामर्श नेहमी घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. आज ज्या विकाराविषयी आम्ही बोलणार आहोत त्याची गोष्ट निराळी. तो ज्याला होतो त्याला आपण आता मरणार याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्याच्या देहात बिघडलेले असे बहुधा काहीच सापडत नाही. इंग्रजीत याला पॅनिक अटॅक म्हणतात. मराठीत भीतीचा झटका म्हणावे. आपल्या घरांतून मात्र ‘जीव घाबरतो’ असे म्हणण्याची फार जुनी चाल आहे, आणि आम्हांला तोच शब्दप्रयोग अधिक नेमका वाटतो. कारण त्यात घाबरतो तो माणूस नव्हे, त्याचा जीव. माणूस एरवी चांगला धीराचा असू शकतो.

औषधयोजना हा डॉक्टरांचा प्रांत. आम्ही परिचारिका, आमचा विषय शुश्रूषेचा. झटका येतो तेव्हा पहिली वीस-पंचवीस मिनिटे रुग्णाजवळ जे कोणी असेल, मग ती रुग्णालयातली परिचारिका असो, घरची बायको असो की शेजारचा कोणी असो, त्याने काय करावे आणि काय बोलू नये, एवढाच हा प्रश्न आहे. यातले ‘काय बोलू नये’ हे आधी घेतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. रात्रीचे अकरा वाजले आहेत. चाळिशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ जेवण उरकून अंथरुणावर पडला आहे. एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, दरदरून घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात. घरातली सारी माणसे गोळा होतात, रिक्षा येते, रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याला नेतात. हृदयाचा आलेख निघतो, रक्त तपासले जाते, सगळे निर्दोष. डॉक्टर म्हणतात, “काही नाही, घरी न्या.” घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. थोरला भाऊ रिक्षात बसता बसता म्हणतो, “उगाच सगळ्यांची झोप मोडलीस!” रुग्ण काही बोलत नाही. अर्ध्या तासापूर्वी त्याने मरण पाहिलेले असते आणि आता त्याला सांगण्यात येत असते की, तू काही पाहिलेच नाहीस. पुढच्या वेळी तो दोहोंपैकी एक करतो. एक तर कोणालाच सांगत नाही आणि आतल्या आत कुढतो. नाही तर दर पंधरा दिवसांनी नवा डॉक्टर, नवा आलेख, नवी फी असे चक्र सुरू करतो. दोन्ही वाटा त्याच दोन शब्दांपासून फुटलेल्या असतात.

डॉक्टरांना म्हणायचे असते की, हृदयाला धोका नाही. रुग्णाला ऐकू येते की, तू खोटे बोलतोस. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरील पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. त्यात आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या मंडळींच्या पोकळ दिलाशांवर आणि फुकट सल्ल्यांवर त्यांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. दुखण्याला हलके लेखून आजाऱ्याला हुशारी येते ही समजूत त्यांनी तेव्हाच खोडून काढली होती. दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण आमच्या वॉर्डात दुपारी चार ते सहा भेटीच्या वेळात येऊन पाहावे. ते प्रकरण कालच लिहिले असे वाटेल.

तर मग या माणसाला नक्की काय झालेले असते? देहात काही बिघडलेले नसते हे खरे, पण देहात काही घडत नसते हे मात्र साफ खोटे. समोर वाघ उभा राहिला तर जगण्यासाठी देहाने जी तयारी करायला हवी, ती सारी तयारी इथे वाघ नसताना होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. त्या रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हृदय वेगाने धावू लागते. रक्त कातडीकडून आणि पोटाकडून काढून मोठ्या स्नायूंकडे धाडले जाते. अंग थंड राहावे म्हणून घाम सुटतो. लढावे किंवा पळावे यासाठी ही सिद्धता असते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात मांडले. आपली भाषा तर हे आधीपासून जाणते. हातपाय गार पडले, पोटात गोळा आला, तोंडचे पाणी पळाले, असे आपण म्हणतो ते अलंकार म्हणून. पण रक्त आत वळल्यावर हातपाय खरोखरच गार पडतात आणि लाळ खरोखरच आटते.

श्वासाचे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवे, कारण शुश्रूषेची किल्ली तिथे आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. पळायचे असते तर तो श्वास कामी आला असता. पण हा तर खाटेवर बसलेला. परिणाम असा होतो की, कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. हा वायू म्हणजे निव्वळ कचरा अशी शाळेतल्या पुस्तकामुळे आपली समजूत झालेली असते. वस्तुतः रक्तातील आम्लतेचा तोल त्याच्यावर अवलंबून आहे. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके गरगरते, आजूबाजूचे सारे दूर गेल्यासारखे, खोटे वाटू लागते. रक्तातील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण उतरते, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, क्वचित बोटे आखडून वाकडी होतात. ती वाकडी बोटे पाहून घरच्यांना अर्धांगवायूची शंका येते आणि रडारड सुरू होते. गंमत अशी की, श्वास पुरत नाही असे रुग्ण कळवळून सांगत असतो तेव्हा त्याच्या बोटाला लावलेले यंत्र प्राणवायू अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के दाखवत असते. दोघेही खरे बोलत असतात.

आता चक्र कसे फिरते पाहा. छातीत धडधडले, म्हणून ‘हार्ट ॲटॅक आला’ असे वाटले. तसे वाटले म्हणून ॲड्रिनलिन आणखी सुटले. म्हणून आणखी धडधडले. देहाच्या साध्या हालचालीचा असा भयंकर अर्थ लावला जाणे हेच झटक्याचे मर्म, अशी मांडणी ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केली. हे चक्र आपोआप थांबते. बहुतेक झटके दहाएक मिनिटांत कळसाला पोहोचतात आणि मग ओसरू लागतात. पण ते आत अडकलेल्याला कोणी सांगायचे, आणि कसे?

या विकाराला नावे देण्यात वैद्यकाची बरीच वर्षे गेली. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात जेकब डा कोस्टा या डॉक्टरांकडे असे सैनिक येत की, ज्यांची छाती धडधडे, दम लागे, चक्कर येई, आणि हृदयात मात्र दोष सापडत नसे. १८७१ साली त्यांनी यावर निबंध लिहून त्याला ‘चिडके हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातही तीच तक्रार दिसली. तिथे टॉमस लुइस यांनी या शिपायांना हृदयरोगी म्हणून खाटेवर निजवून ठेवण्याऐवजी पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत करायला लावली, आणि त्यांतले अनेकजण पुन्हा कामावर रुजू झाले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत पॅनिकच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. डा कोस्टांच्या सगळ्या सैनिकांना हाच विकार होता असे म्हणता येणार नाही. तथापि लुइस यांचा धडा मोलाचा आहे, आणि त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

प्रथम कर्तव्य मात्र वेगळेच. हा भीतीचाच झटका आहे असे परिचारिकेने किंवा घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. छातीतले दुखणे दाबल्यासारखे असेल, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जात असेल, श्रम करताना सुरू झाले असेल, माणूस बेशुद्ध पडला असेल, नाडी दीडशेच्या वर किंवा अनियमित असेल, प्राणवायू खरोखर उतरला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर हे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे समजूनच धावपळ करावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मधुमेह्याची रक्तातील साखर उतरली तरी असाच घाम आणि अशीच थरथर होते. ती एका थेंबाने तपासता येते. थायरॉइडचा अतिरेक, दम्याच्या पंपाची जास्त मात्रा, दारू एकदम सोडणे हीही कारणे असतात. पन्नाशीत आयुष्यातला पहिलाच असा झटका आला असेल तर फारच सावध राहावे. एक आलेख चांगला आला एवढ्याने भागत नाही. काही तासांनी पुन्हा आलेख आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी करावी लागते. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. हृदयविकाराला ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजतात, आणि तरुण बाईच्या धडधडीला ‘नाटक’ म्हणतात.

या ‘नाटका’विषयी आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे. पॅनिकचा विकार पुरुषांच्या सुमारे दुप्पट स्त्रियांना होतो. एखादी नवी सून रात्री गुदमरू लागली की सासरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. दुःख याचे की, रुग्णालयातही काही ठिकाणी तिला चिमटा काढून, उग्र वासाचे औषध नाकाशी धरून ‘शुद्धीवर’ आणण्याची रीत आमच्या पाहण्यात आली आहे. कुठे शुद्ध पाण्याचे इंजेक्शन देऊन ‘बघा, बरी झाली’ असेही म्हणतात. ती बरी होते ते झटका आपल्या वेळेने ओसरतो म्हणून. पदरात पडते ती मात्र अप्रतिष्ठा. शिवाय स्त्रियांच्या हृदयविकारात छातीतल्या कळेऐवजी नुसता दम, मळमळ किंवा पाठदुखी असू शकते. ‘नाटक’ असा शिक्का एकदा बसला की ते कोण तपासणार?

हृदयाची शंका फिटली, म्हणजे खरी शुश्रूषा सुरू होते. यात आमचे मार्गदर्शन केले ते हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने. परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावरचे त्यांचे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. ते त्यापूर्वी चार वर्षे लिहून तयार होते. पण सहलेखक म्हणून डॉक्टरचे नाव नसताना परिचारिकेने ग्रंथ काढावा हे त्या काळी फारच धाडसाचे वाटले. असो. चिंतेच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. सौम्य चिंतेत माणूस उलट जास्त सावध असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास होतो तो त्यामुळेच. चिंता वाढत जाते तशी त्याची नजर आणि समज आखडत जाते. चौथ्या पायरीवर त्याला लांब वाक्य समजत नाही, निवड करता येत नाही, शिकवलेले काही आत शिरत नाही. म्हणून त्या वेळी उपदेश करणे व्यर्थ. ‘मन खंबीर करा’, ‘देवाचे नाव घ्या, इतरांना किती दुःखे असतात ते पाहा’ ही वाक्ये चांगली असतील, पण ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतो तो फक्त आवाजाचा सूर.

तेव्हा परिचारिका काय करते? ती प्रथम स्वतःचा वेग कमी करते. धावत खाटेपाशी जाणारी परिचारिका पाहिली की रुग्णाची खात्री पटते. ती जवळ येते, मान न वळवता दिसेल अशा जागी बसते. उभी राहून बोलत नाही. रुग्णाला निजवण्याचा आग्रह धरत नाही, कारण पडल्यावर गुदमरणे वाढते; पाठीला टेकू देऊन बसवते. गळ्याजवळचे बटण सैल करते. भोवतालची गर्दी हटवते, पण रुग्णाचा जीव ज्याच्यापाशी स्वस्थ होतो असे एक माणूस ठेवते. घरी कोणाला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या असतील तर टाकू द्याव्यात, त्याने अपाय नाही. कांदा हुंगवायला मात्र देऊ नये, आणि खोलीत आठ माणसे नकोत. प्राणवायू पुरेसा असताना तोंडावर मुखवटा चढवू नये. त्याने गुदमरल्याची भावना वाढते, आणि आपण अत्यवस्थ आहोत अशी समजूतही पक्की होते.

मग ती बोलते. वाक्ये तोकडी, एका वेळी एक. “काका, मी सिस्टर. मी इथेच बसले आहे.” थोडे थांबून, “तुम्हांला फार भीती वाटते आहे, दिसतंय मला.” पुन्हा थांबून, “डॉक्टरांनी तपासलंय. हृदय नीट चाललंय. ही भीतीची लाट आहे. ती ओसरेल. ओसरेपर्यंत मी उठणार नाही.” यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि ‘काही नाही’ हे शब्द त्यात नाहीत. ‘आहे’ म्हटले आहे. काय आहे तेही सांगितले आहे. शेवटचे वाक्य उच्चारायचे असेल तर मात्र पाळायला हवे. एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण असताना ते पाळणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. जाणे भागच असेल तर “पाच मिनिटांत येते” असे सांगून पाचव्या मिनिटाला परत यावे. हात धरायचा झाला तर विचारून धरावा. काहींना स्पर्शाने धीर येतो, काहींना तो अडकवून ठेवल्यासारखा वाटतो.

श्वासाबद्दल सर्वत्र एकच सल्ला ऐकू येतो: “दीर्घ श्वास घ्या.” मघाशी सांगितलेले आठवत असेल तर त्यातली चूक ध्यानात येईल. हवा आधीच जास्त आत-बाहेर होत असते. जोराने मोठे श्वास घेतले तर मुंग्या आणि चक्कर वाढतात. भर द्यायचा तो सोडण्यावर. नाकाने सावकाश चार अंक मोजेपर्यंत आत, आणि ओठ किंचित मिटून सहा अंक मोजेपर्यंत बाहेर; हात पोटावर, म्हणजे छातीऐवजी पोट हलते आहे हे कळते. अंक परिचारिकेने मोजावे आणि स्वतःही त्याच लयीत श्वास घ्यावा. रुग्णाची लय हळूहळू तिच्या लयीला लागते. जमले नाही तर सक्ती नको. “पाय जमिनीला टेकलेत का? फरशी गार लागते का?” असे साधे प्रश्नही त्याला देहाबाहेरच्या जगाकडे आणतात. पूर्वी तोंडाशी कागदी पिशवी धरून तीतच श्वास घ्यायला सांगत. ती रीत सोडून द्यावी. हृदयविकार किंवा दमा ओळखला गेला नसेल तर पिशवीने प्राणवायू उतरतो. अशा उपायाने रुग्ण दगावल्याची नोंद १९८९ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

झटका ओसरला की रुग्ण थकून जातो आणि शरमतो. शिकवण्याची वेळ ही. कोमट पाणी द्यावे, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग देहात काय घडले ते त्याच्या भाषेत समजावून सांगावे. पुष्कळांना भीती असते ती रस्त्यात बेशुद्ध पडण्याची. बेशुद्ध पडायला रक्तदाब उतरावा लागतो, आणि झटक्यात तो बहुधा चढलेला असतो, हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला दिसतो. नोंदवहीत झटका कधी सुरू झाला, त्या वेळी रुग्ण काय करत होता, नाडी, श्वास, रक्तदाब, प्राणवायू, त्याचे स्वतःचे शब्द आणि झटका कधी ओसरला हे लिहावे. चहा-कॉफी किती, झोप किती, दारू आहे का, हे विचारावे. जगणे नकोसे झाले आहे का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. न विचारल्याने मात्र रुग्ण त्या विचारापाशी एकटा राहतो.

आता लुइस यांचा धडा. एक झटका आला म्हणजे विकार जडला असे नव्हे. अनेकांना तो आयुष्यात एकदाच येऊन जातो. विकार बळावतो तो पुन्हा येईल या धास्तीने. ज्या बसमध्ये झटका आला ती बस माणूस टाळतो; मग सगळ्या बस; मग बाजार, देऊळ, लग्नकार्य; शेवटी घराचा उंबरठा. घरचे प्रेमापोटी त्याला साथ देतात. बायको भाजी आणते, मुलगा बँकेची कामे करतो, आणि घर हळूहळू त्याचा तुरुंग होते. म्हणून पायरीपायरीने पुन्हा बाहेर पडणे हा उपचाराचा कणा आहे. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ ते पद्धतशीर करून घेतात. बरोबर औषधेही असतात. त्यांतली नेहमीची औषधे गुण यायला काही आठवडे घेतात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढवतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळ्या टाकून देतो. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय जडते. त्या शेजाऱ्याकडून मागून घेऊ नयेत आणि घेत असल्यास एकदम बंदही करू नयेत. कोणाकडे जावे हे कळत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.

घरी जाण्याच्या वेळी जवळजवळ प्रत्येक रुग्ण दाराशी थांबून विचारतो, “सिस्टर, हे पुन्हा येईल का हो?” नाही म्हणण्याचा मोह फार होतो. आम्ही म्हणतो, “येऊ शकेल, काका. आलं तर बसा, पाय टेकवा, श्वास सोडताना सहापर्यंत मोजा आणि घड्याळ बघा. दुखणं वेगळं वाटलं, नेहमीसारखं नसलं, तर वाट न पाहता इकडे या.” एवढे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देतो, आणि तीच चिठ्ठी सोबत आलेल्या भावालाही वाचायला लावतो.